परळची प्लेग प्रयोगशाळा आणि मुलकोवालची बाटली

१

मराठीत ‘शाळा’ हे उत्तरपद घेऊन जे सामासिक शब्द तयार झाले आहेत, त्यांतील बहुतेक वास्तुवाचक आहेत. धर्मशाळा, पाकशाळा, गोशाळा, यज्ञशाळा ह्या शब्दांनी प्रथम भिंती व छप्पर डोळ्यांपुढे उभे राहते. तेथे चालणारी क्रिया पूर्वपदात असली तरी प्राधान्य घराकडे जाते. ‘प्रयोगशाळा’ हा शब्दही ह्याच कुळातला आहे. उलट ‘लॅबोरेटरी’ ह्या युरोपीय शब्दाच्या मुळाशी श्रमवाचक लॅटिन धातू आहे. तेथे घर गौण आणि काम मुख्य. शब्दाच्या घडणीवरून समाजाच्या विचाराचे अनुमान काढणे नेहमीच धोक्याचे असते; परंतु प्रयोगशाळा स्थापणे म्हणजे इमारत बांधणे, हलविणे म्हणजे सामान गाडीत भरणे आणि बंद करणे म्हणजे दाराला कुलूप घालणे, अशी समजूत आपल्या शैक्षणिक व्यवहारात प्रत्यक्ष आढळते, हे नाकारता येणार नाही.

ही समजूत अपुरी असून प्रसंगी प्राणघातक ठरते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी मुख्यतः मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेचा, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेचा, आरंभीचा इतिहास आधारास घेतला आहे. ह्या प्रयोगशाळेने पहिल्या तीन वर्षांत चार जागा पाहिल्या. आणि चौथ्या जागी स्थिर झाल्यानंतर तिच्यावर जो घोर प्रसंग आला, तो तिच्या भिंतींच्या आत नव्हे, तर शेकडो कोस दूर असलेल्या पंजाबातील एका खेड्यात घडला.

हा विषय आपल्या परिसरास परका नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि ह्या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. जेथे विद्यापीठ नवे असते तेथे प्रयोगशाळा मांडल्या जातात, भाड्याच्या जागेतून स्वतःच्या जागेत नेल्या जातात आणि काही कालांतराने मोडल्याही जातात. शिवाय मलेरिया व सिकलसेल ह्यांचा भार वाहणाऱ्या मुलचेरासारख्या तालुक्यात रक्ताचा जो थेंब काचपट्टीवर घेतला जातो, तो ज्या क्षणी घेतला जातो त्याच क्षणी प्रयोगशाळेचा होतो. मग ती प्रयोगशाळा कितीही दूर असो.

२

मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रोगी असल्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्याने सप्टेंबर १८९६ मध्ये ओळखले. ‘ग्रंथिक सन्निपात’ असे पंडिती नाव ह्या रोगास त्या काळच्या मराठीत मिळाले, परंतु लोकांच्या तोंडी ‘प्लेग’ हा परका शब्दच बसला. पटकीवरील लशीच्या कामासाठी १८९३ पासून हिंदुस्थानात असलेले वाल्देमार हाफकिन ह्यांस सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस पाचारण केले. ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले हे शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह ह्यांचे शिष्य असून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले होते.

त्यांस जागा मिळाली ती भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात : एक खोली व एक ओटीवजा बोळ. हाताखाली एक कारकून आणि काही शिपाई. आजच्या कोणत्याही नियमावलीनुसार अशा जागेत जिवंत प्लेगजंतू वाढविण्यास अनुज्ञा मिळणार नाही. तरीही तेथे काम सुरू झाले आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी स्वतःच्या शरीरात ती लस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा कैद्यांपैकी स्वेच्छेने पुढे आलेल्यांस लस देण्यात आली आणि न टोचलेल्यांशी त्यांची तुलना करून लशीचा गुण पडताळण्यात आला.

येथे लशीच्या सिद्धतेची रीत थोडी तपशिलाने पाहणे अवश्य आहे, कारण पुढील सारा इतिहास तिच्यावर अवलंबून आहे. चंबूत बोकडाच्या मांसाचा रस भरावयाचा. गाय व डुक्कर ह्या दोन्ही प्राण्यांचे मांस टाळल्याने हिंदू व मुसलमान ह्या उभय समाजांचा आक्षेप राहत नसे. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. प्लेगजंतू ह्या थेंबांच्या खालच्या बाजूस धरून वाढतात आणि गुहेच्या छतापासून चुन्याचे झुंबर लोंबावे तसे त्यांचे तंतू खाली उतरतात. चंबू मुळीच न हलविता ठेवला तरच हे तंतू तयार होतात. किंचित धक्का लागला तरी ते तुटून तळाशी बसतात. ठरावीक दिवसांनी चंबू मुद्दाम हलवून तंतू पाडावयाचे व नवी वाढ होऊ द्यावयाची, असे चार ते सहा आठवडे चाले. नंतर तो द्रव सुमारे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारावयाचे आणि शेवटी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालून तो टिकाऊ करावयाचा.

ह्या रीतीत सुरक्षिततेच्या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. उष्णता जंतूंस मारते. कार्बोलिक आम्ल पुढे बाहेरून शिरू पाहणाऱ्या जंतूंस अटकाव करते. ज्या प्रयोगशाळेस धड दालन नव्हते, तिचे संरक्षण ह्या दोन पायऱ्यांत होते. ग्रँट महाविद्यालयातील ती खोली भिंतींमुळे सुरक्षित नव्हती. जी काही सुरक्षितता होती ती क्रमाच्या काटेकोरपणात होती.

मराठीत ह्या द्रवास ‘लस’ हेच नाव पडले. व्रणातून वा फोडातून स्रवणारा पातळ द्रव हा त्या शब्दाचा जुना अर्थ. देवीच्या टोचणीपासून तो अर्थ पालटत गेला आणि रोगाचे चिन्ह असलेला शब्द रोगनिवारणाचा वाचक झाला. परंतु शब्दाचा जुना अर्थ लोकस्मृतीतून सहसा निःशेष जात नाही. प्लेगनिवारणाच्या सक्तीच्या उपायांनी समाज आधीच संतप्त झालेला होता. २२ जून १८९७ रोजी पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली. अशा काळात लशीवरील विश्वास ही प्रयोगशाळेची सर्वांत नाजूक मालमत्ता होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

३

मागणी वाढली तशी ती खोली अपुरी पडली. प्रयोगशाळा प्रथम मलबार टेकडीवरील एका सरकारी बंगल्यात गेली. तेथून आगाखान ह्यांनी उपलब्ध करून दिलेल्या ‘खुश्रू लॉज’ ह्या वास्तूत. आगाखान ह्यांनी स्वतः लस टोचून घेऊन आपल्या खोजा अनुयायांपुढे उदाहरण घालून दिले होते. शेवटी परळच्या जुन्या राजभवनात तिला कायमचे स्थान मिळाले आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांच्या हस्ते ‘प्लेग संशोधन प्रयोगशाळा’ विधिपूर्वक उघडण्यात आली.

परळच्या ह्या वास्तूचा पूर्वेतिहास बोधक आहे. पोर्तुगीज काळात तेथे चर्च व मठ होता. अठराव्या शतकात ती मुंबईच्या गव्हर्नरांकडे आली. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या पत्नीचे तेथेच पटकीने निधन झाले आणि पुढे गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंटला गेले. म्हणजे जी जागा राहण्यास अयोग्य मानून राज्यकर्त्यांनी सोडली, तीच रोगजंतूंच्या अभ्यासास देण्यात आली. ह्यात विरोधाभास वाटला तरी व्यवहार होता : मोठी दालने, भोवती विस्तीर्ण आवार आणि दाट वस्तीपासून अंतर ह्या तिन्ही गोष्टी ग्रँट महाविद्यालयात मिळण्यासारख्या नव्हत्या. ह्या आवाराचा उपयोग पुढे चांगलाच झाला. १९०५ नंतरच्या प्लेग अन्वेषणात येथेच उंदरांच्या पिसवांवरील प्रयोग झाले. जमिनीवरील पिंजऱ्यातील गिनीपिग प्लेगने मेले आणि पिसवेच्या उडीच्या आवाक्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यातील वाचले, ह्यावरून रोगाचा वाहक निश्चित झाला.

आता स्थलांतराचा प्रश्न पाहू. तुपाच्या थेंबाखाली लोंबणारे तंतू धक्का सहन करीत नाहीत. यास्तव वाढीच्या मध्यावर असलेला चंबू मलबार टेकडीवरून भायखळ्यास नेणे म्हणजे आठवड्यांचे काम मातीत घालविणे होय. ह्यावरून असे अनुमान करता येते की, प्रयोगशाळेचे स्थलांतर सामानाच्या सोयीने नव्हे, तर जंतूंच्या कालमानाने ठरवावे लागते : चालू असलेली वाढ पुरी करून तिचा निकाल लावावयाचा, मूळ बीज तेवढे जपून न्यावयाचे आणि नव्या जागी पहिला चंबू जणू पहिल्यांदाच लावीत आहोत अशा सावधपणे लावावयाचा. टेबले, कपाटे व तराजू हे स्थलांतराचे अंग खरे. परंतु जे न्यावयाचे ते मुख्यतः क्रम, माप आणि नोंद होय.

१८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने नेमके ह्याच बाबीकडे लक्ष वेधले. लस उपयुक्त आहे हे आयोगाने मान्य केले. परंतु तिची मात्रा प्रमाणबद्ध नाही आणि शुद्धतेची पडताळणी पुरेशी काटेकोर नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. जागा पालटत, मागणी पुरवीत वाढलेल्या संस्थेविषयीची ही टीका केवळ छिद्रान्वेषी म्हणता येणार नाही.

४

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला तेव्हा तेथील सरकारने लशीची प्रचंड मागणी केली. जुन्या रीतीने महिना-दीड महिना लागे. एवढा अवकाश नव्हता. म्हणून परळला नवी रीत स्वीकारण्यात आली : मांसरसाऐवजी समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या आगराच्या घट्ट थरावर जंतू वाढविणे. ही वाढ थोड्या दिवसांत होई. ह्याच बदलाबरोबर कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी गाळण्यात आली. निर्जंतुकीकरणाचा सारा भार उष्णतेवर पडला. पाश्चर संस्थेच्या अनुभवावरून ही रीत शास्त्रास धरून होती. परंतु दोन पायऱ्यांपैकी एक गेली होती, आणि बाटली ज्याच्या हातात उघडली जावयाची त्याच्या सावधपणावर पूर्वीपेक्षा अधिक भिस्त आली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल (आज हे गाव पाकिस्तानात आहे) येथे पाच बाटल्यांतून १०७ लोकांस लस टोचण्यात आली. आठवड्याभराच्या सुमारास त्यांतील काहींस धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली, आणि एकोणीस जण दगावले. हे एकोणीसही जण ‘५३-एन’ ह्या एकाच बाटलीतून टोचले गेलेले होते. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांस काही झाले नाही.

एवढे निश्चितपणे आज आपणांस सांगता येते ते कशामुळे? बाटलीवर एक अंक व एक अक्षर होते आणि कोणास कोणत्या बाटलीतून टोचले ह्याची नोंद होती, एवढ्यामुळेच. ती नोंद नसती तर संशय सर्व लशीवर, सर्व प्रयोगशाळेवर आणि कदाचित टोचणीच्या कल्पनेवरच कायमचा बसला असता. एखाद्या चिठ्ठीवरील अक्षराचे मोल ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला, तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक आम्ल गाळण्याच्या निर्णयाचाही विचार त्यात झाला. हाफकिन ह्यांस संचालकपद सोडावे लागले.

परंतु चौकशीच्या कागदपत्रांतच दुसरी बाजू दडलेली होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मुलकोवाल येथे मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता; तो ज्योतीतून न काढता कार्बोलिकच्या पाण्यात जेमतेम बुडवून वापरला गेला. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत व जनावरांच्या शेणात विपुल असतात आणि सौम्य कार्बोलिकला ती दाद देत नाहीत. दुसरे असे की, धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर द्रवास दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टराने मात्र वास घेतला असता तो आढळला नव्हता. ह्या मुद्द्यांवर सर रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जुलै १९०७ मध्ये पत्र प्रसिद्ध केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. त्यांस पुन्हा कलकत्त्यास नेमणूक मिळाली. परळचे संचालकपद मात्र पुन्हा मिळाले नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये ‘मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा’ असे झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन ह्यांचे नाव देण्यात आले.

ह्या प्रकरणातून पडलेल्या चिमट्याचा धडा सर्वांस आठवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून मोठा धडा दुसरा आहे. परळच्या दालनात ठरलेली रीत आणि मुलकोवालच्या अंगणात पाळलेली रीत ह्या दोहोंना जोडणारा दुवा केवळ शब्दांचा होता : सूचनापत्र, चिठ्ठी, नोंदवही. कार्बोलिकची पायरी गेल्याने टोक्याच्या जागी काय अधिक केले पाहिजे हे तेथील प्रत्येक हातापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत, पोचणे हाच त्या बदलाचा उत्तरार्ध होता. पूर्वार्ध परळला पुरा झाला; उत्तरार्ध वाटेत राहिला.

५

परळची प्रयोगशाळा बंद झाली नाही. म्हणून समाप्तीचा विचार करण्यास दुसरे उदाहरण घ्यावे लागते. ते दुर्दैवाने जवळच्या काळातील व विद्यापीठाच्याच क्षेत्रातील आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ मध्ये कोबाल्ट-६० असलेले एक विकिरण-यंत्र घेतले होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर निरुपयोगी सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगारबाजारात पोचले. तेथे कामगारांनी त्याचे शिशाचे कवच फोडले. किरणोत्सर्गाने कित्येक जण आजारी पडले आणि एप्रिलमध्ये एकाचा मृत्यू झाला.

कोबाल्ट-६०ची तीव्रता सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. बेचाळीस वर्षांत ती आठ वेळा निम्मी होऊन मूळच्या सुमारे अडीचशेव्या अंशावर आली असणार. तेवढी उरलेलीही एक जीव घेण्यास पुरेशी ठरली. पदार्थाची शक्ती गणिती नियमाने क्षीण होते. विभागाची स्मृती मात्र कोणत्याही नियमाने चालत नाही. ज्यांनी यंत्र आणले ते निवृत्त झाले की ती एका दिवसात शून्यावर येऊ शकते. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये, म्हणजे यंत्राच्या खरेदीनंतर पंधरा वर्षांनी, स्थापन झाले, हेही विसरता कामा नये : पुष्कळदा वस्तू आधी येते व तिची नियमावली मागून. मधला काळ संस्थेच्या स्वतःच्या नोंदवहीने भरून काढावयाचा असतो.

मुलकोवाल व मायापुरी ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात. दोन्हीकडे बळी गेले ते प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेरचे, जिचे नावही त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते असे लोक. परंतु मुलकोवालला बाटलीवर अक्षर होते, म्हणून दोषाचा माग लागला आणि उशिरा का होईना न्याय झाला. मायापुरीत वस्तू बाजारात गेली ती आपली ओळख मागे सोडून. ती काय आहे हे कळले ते माणसे आजारी पडल्यावर.

६

ह्या इतिहासावरून विद्यापीठीय प्रयोगशाळेविषयी तीन गोष्टी निष्पन्न होतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिली स्थापनेविषयी. खोली ताब्यात येण्यापूर्वी नोंदवही उघडली पाहिजे. कोणता पदार्थ, कोणी आणला, कशासाठी, त्यापासून कोणता अपाय आणि त्याचा शेवट कसा करावयाचा, हे पाचही रकाने पदार्थ दारात येताना भरले जावेत. शेवटाचा रकाना आरंभीच लिहिला नाही तर तो बहुधा कोणीच लिहीत नाही.

दुसरी स्थलांतराविषयी. जागा, प्रमाण किंवा रीत ह्यांपैकी एक पालटले तरी ते स्थलांतरच समजावे. परळला १९०२ मध्ये जागा पालटली नव्हती; रीत व प्रमाण पालटले होते, आणि संकट आले. एखादी पायरी गाळावयाची असेल तर तिचे काम ह्यापुढे कोण करणार हे लिहून, त्या व्यक्तीस वाचून दाखवून, मगच ती गाळावी.

तिसरी समाप्तीविषयी. प्राध्यापक निवृत्त होणे हा प्रयोगशाळेच्या अंशतः समाप्तीचाच प्रसंग होय. त्यांच्या कपाटातील प्रत्येक बाटलीचा हिशेब त्यांच्या उपस्थितीत आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यासमक्ष झाल्यावाचून निरोपसमारंभ करू नये. जैववैद्यकीय कचऱ्याविषयी २०१६ चे नियम जंतुशास्त्रीय टाकाऊ द्रव्य संस्थेतच निर्जंतुक करून मग बाहेर पाठवावयास सांगतात. प्रयोगशाळेने आपला शेवट दुसऱ्याच्या अंगणात करू नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

आता मुलचेऱ्याकडे वळू. मुलकोवाल आणि मुलचेरा ह्या नावांतील ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. स्थितिसाम्य मात्र विचार करण्याजोगे आहे. दोन्ही गावे प्रयोगशाळेच्या दोरीच्या दूरच्या टोकाशी आहेत. मुलचेरा तालुक्यात मराठीबरोबर गोंडी व माडिया बोलणारी कुटुंबे आहेत, पूर्व बंगालातून येऊन वसलेली बंगाली गावे आहेत, तेलुगूही कानी पडते. येथे काचपट्टीवर रक्त घेणारी आरोग्यसेविका आणि सुई टोचून घेणारी म्हातारी ह्या दोघी मिळून प्रयोगशाळेचे पहिले दालन होतात. चिठ्ठीवरचे नाव चुकीच्या लिपीत वा चुकीच्या उच्चाराने लिहिले गेले तर पुढची सारी यंत्रसामग्री अचूक असूनही निष्कर्ष दुसऱ्याच माणसाच्या नावावर जाईल. भाषाभ्यासकाने ह्या विषयात पडण्याचे प्रयोजन एवढेच : सुरक्षिततेची सूचना ज्या हातासाठी आहे त्या हाताच्या भाषेत ती नसेल, तर ती दिलीच गेली नाही असे समजले पाहिजे.

परळच्या वास्तूपुढून जाणाऱ्यास तिच्या भिंती दिसतात आणि त्या पाहण्यासारख्या आहेतही. परंतु त्या प्रयोगशाळेस आणि तिच्या संस्थापकाच्या लौकिकास शेवटी तारले ते भिंतींनी नव्हे; एका बाटलीवरील ‘५३-एन’ ह्या खुणेने आणि ती खूण वहीत उतरविणाऱ्या अनामिक लेखनिकाने. आपल्या नव्या प्रयोगशाळांचे आराखडे काढताना ह्या लेखनिकासाठी एक टेबल आधी राखून ठेवावे, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.